मोठ्या व्हिडिओ गेमचा खर्च आणि टीमची मोजदाद : पार्श्वभूमी

गावच्या उत्सवी नाटकात पडदा रंगवणारा आणि भूमिका करणारा जसा एकच असतो, तसे सुरुवातीच्या कन्सोलवरील (टीव्हीला जोडायच्या गेमयंत्रावरील) अनेक गेमचे कोड, चित्र आणि आवाज एकाच प्रोग्रामरने केलेले असत. 1997 मध्ये तीन सीडींवर आलेल्या 'फायनल फँटसी 7' साठी शंभराहून अधिक माणसे आणि सुमारे 4 कोटी डॉलर लागले. 2005-06 नंतर एचडी, म्हणजे जास्त बारकाव्याचे चित्र दाखवणारे, कन्सोल आले आणि दाराची कडी, भिंतीचा पोपडासुद्धा स्वतंत्रपणे घडवावा लागू लागला. हा खर्च यंत्रांचा कमी आणि पगारांचा जास्त.

बड्या कंपन्या हे आकडे सहसा सांगत नाहीत. जून 2023 मध्ये अमेरिकेतील एका विलीनीकरणाच्या खटल्यात काळ्या मार्करने खोडलेली कागदपत्रे स्कॅन झाली आणि शाईखालचे आकडे वाचता आले. 2020 च्या 'द लास्ट ऑफ अस पार्ट 2' चा खर्च 22 कोटी डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे 1,650 कोटी रुपये, आणि ऐन भरातील पूर्णवेळ कर्मचारी सुमारे 200.

खरा वाद या 200 चा आहे. दरमहा दरडोई 10 हजार डॉलर हा व्यवसायातील जुना ठोकताळा घेतला आणि हे सर्वजण निर्मितीची सुमारे सहा वर्षे सतत कामावर होते असे मानले, तरी हिशेब 14.4 कोटी डॉलरवर थांबतो. उरलेल्या रकमेत चढे पगार येतात, तशीच बाहेर दिलेल्या कामाची बिलेही धरावी लागतात. पुणे, बेंगळुरू किंवा क्वालालंपूरच्या स्टुडिओत वस्तूंची त्रिमितीय मॉडेल आणि त्यांच्या पृष्ठभागाची चित्रे (टेक्स्चर) करणारा कलाकार खर्चात बिल म्हणून येतो, टीमच्या संख्येत मात्र येत नाही. प्रकाशनाआधी नोकरी सोडणाऱ्याचे नाव श्रेयनामावलीतून वगळण्याची प्रथाही अनेक ठिकाणी होती. गोव्यातून ॲनिमेशन शिकून बाहेर पडणाऱ्या मुलांना बहुधा याच न मोजलेल्या खुर्च्या मिळतात, म्हणून इथल्या वाचकाने हा आकडा जपूनच वाचावा.

पुढे 2020 च्या सुमारास मोठ्या नव्या गेमची 60 डॉलरची किंमत 70 झाली, आणि 2023 या एका वर्षात जगभर दहा हजारांहून अधिक नोकऱ्या गेल्या. एप्रिल 2025 मध्ये फ्रान्समधील 'क्लेअर ऑब्स्क्युर: एक्स्पेडिशन 33' चे सुमारे तीस जणांची कामगिरी म्हणून कौतुक झाले, तेव्हा श्रेयनामावलीतील कोरियन ॲनिमेटर, चाचणी करणारे आणि वादक यांच्याकडे बोट दाखवून, बाहेरची माणसे मोजलीच जात नाहीत, हा आक्षेप पुन्हा घेतला गेला.