अजिंठा ‘सापडला’ नव्हता

अजिंठ्याची लेणी १८१९ मध्ये जॉन स्मिथनं शोधून काढली, हे शाळेपासून ऐकत आलोय. तोवर म्हणे ती कुणाला ठाऊकच नव्हती! अहो, शेजारच्या गावाचं नावच लेणापूर. ते काय उगाच पडलं? वाघूरच्या खोऱ्यातल्या गावकऱ्यांना, भिल्लांना ती जागा माहीत होतीच. शिकारीला आलेल्या या इंग्रज अधिकाऱ्यामुळे ती बाहेरच्या जगाला कळली, एवढंच खरं.

आणि या ‘शोधकर्त्या’नं केलं काय? दहाव्या लेण्यात, रंगवलेल्या खांबावर, स्वतःचं नाव नि २८ एप्रिल १८१९ ही तारीख खरवडून ठेवली. आज ती डोक्याच्या बरीच वर दिसते, कारण तेव्हा आत दगडमातीचा ढीग साचलेला आणि स्वारी त्यावर उभी. (हल्लीचे बदाम-बाणवाले त्याचेच वारसदार म्हणायचे.)

इथली चित्रं थेट कातळावर नाहीत. माती, भुसा, तंतू कालवून केलेला गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो सुकल्यावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग. म्हणजे रंग आत मुरलेला नाही, वर बसलाय. नखानंही निघेल.