बसऱ्याला गेलेल्या पणजोबांची नोंद: कुठे मागायची, काय जोडायचं

आमच्या घरात पणजोबांबद्दल एकच वाक्य उरलं होतं. आजोबा म्हणायचे, “आमना बाप बसराले गयथा.” पलटण कोणती, साल कोणतं, कुणालाच माहीत नाही. इराकमधलं बसरा म्हटलं की पहिलं महायुद्धच, असंही नाही. 1941 मध्येही भारतीय फौज तिथे उतरली होती. म्हणून पहिला अर्ज लष्कराकडे करू नका. आधी पत्र्याची पेटी उघडा.

लष्करी दप्तरात माणूस सापडतो तो नंबरावर, नावावर क्वचितच. पहिल्या महायुद्धाच्या पदकांवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कडेवर कोरलेली असते. आमच्याकडे खान्देशात दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घागर भरायच्या आधी पेटी निघायची आणि पदक चिंचेनं लख्ख घासलं जायचं. शंभरेक वर्षांच्या त्या मायेनं निम्मे आकडे खाल्ले. शेवटी कडेवर पातळ कागद धरून वरून पेन्सिल घासली, तेव्हा नंबर उमटला. तुमचं पदक काळं पडलं असेल तर काळंच राहू द्या. डिस्चार्ज बुक, पेन्शनचे कागद, मनीऑर्डरच्या पावत्या, पाकिटांवरचे शिक्के, सगळ्याचे फोटो काढून ठेवा.

मग गावचं दप्तर. जन्म-मृत्यूची जुनी नोंद कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना 14 मध्ये असते. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नकलेसाठी अर्ज करायचा. गाव, नाव, वडिलांचं नाव आणि अंदाजे साल लिहा, कोर्ट फी स्टॅम्प लावा, आधारची झेरॉक्स आणि तुमच्यापासून त्यांच्यापर्यंतची वंशावळ जोडा. साल एकच लिहू नका, पाच-सात वर्षांचा पट्टा द्या. मला एका खिडकीवरून ‘नोंद आढळत नाही’ म्हणून परत पाठवलं होतं. दोन सालं पुढे नोंद होती. जन्मसाल हाती आलं की कोणत्या लढाईत ते वयात होते हे आपोआप कळतं.

आडनाव शोधत बसू नका. जुन्या नोंदींत ‘अमुक वलद तमुक’ एवढंच सापडतं, तेही बऱ्याचदा मोडीत. मोडी वाचणारं कुणी ओळखीत नसेल तर धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात चौकशी करा. जमीन असेल तर वारसाचा फेरफार काढा, त्यातून मृत्यूचा काळ आणि वारस दोन्ही मिळतात. धुळे जिल्ह्याचे बरेच जुने फेरफार आणि सातबारे ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावरही पाहता येतात.

ते लढाईतून परतलेच नसतील तर दोन्ही महायुद्धांतल्या मृत सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर शोधा. फुकट आहे, कुणालाही पाहता येतं. त्यात 4 ऑगस्ट 1914 ते 31 ऑगस्ट 1921 आणि 3 सप्टेंबर 1939 ते 31 डिसेंबर 1947 या काळातले मृत आहेत, जिवंत परतलेले नाहीत. गावाचं नाव इंग्रज कारकुनानं ऐकलं तसं लिहिलेलं असतं. धुळं ‘धुलिया’ म्हणून शोधा. जुना खान्देश जिल्हा 1906 मध्ये पूर्व आणि पश्चिम असा विभागला गेला, नंदुरबार जिल्हा तर 1998 चा. तेव्हा नंदुरबारचा माणूस ‘वेस्ट खान्देश’मध्ये आणि अमळनेरचा ‘ईस्ट खान्देश’मध्ये असणार. पंजाबच्या शिपायांची जी रजिस्टरं लाहोरला सापडली, त्यात आपल्याकडची नावं नाहीत. तिथे रात्री जागवू नका.

आता लष्कर. प्रत्येक रेजिमेंटचं स्वतंत्र रेकॉर्ड ऑफिस असतं: मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं सागरला, तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला. साधं पत्र चालतं, पण माहितीच्या अधिकारात अर्ज केला तर 30 दिवसांत उत्तर देणं बंधनकारक असतं. अर्जदार भारतीय नागरिक असला की पुरे. फी 10 रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ. इथे हमखास चूक होते: तहसीलच्या सवयीनं कोर्ट फी स्टॅम्प चिकटवला जातो. ही केंद्राची कार्यालयं. तिथे पोस्टल ऑर्डर किंवा ऑनलाइन भरणा लागतो. ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नकार आला तर कलम 8(3) दाखवून 30 दिवसांत पहिलं अपील करा. 20 वर्षांपूर्वीच्या घटनेला ते कारण लावता येत नाही.

तरी फार आशा धरू नका. पेन्शन न घेता सुटलेल्यांचे कागद 25 वर्षांनी नष्ट करावेत, असा लष्कराचा नियम आहे, आणि लढाई संपल्यावर घरी पाठवलेले बहुतेक शिपाई बिनपेन्शनीच होते. म्हणून शीट रोल, म्हणजे शिपायाचा स्वतःचा सेवापट, नाही म्हणाले तर ‘लाँग रोलमधली नोंद द्या’ असं वेगळं मागा; लाँग रोल म्हणजे पलटणीतल्या सगळ्यांच्या नावांची नोंदवही. पेन्शनर असतील तर ती मिळण्याची शक्यता बरी.

या शोधातून पणतवाला सवलत किंवा पेन्शन मिळत नाही. मात्र दुसऱ्या महायुद्धातल्या बिनपेन्शनी सैनिकाची विधवा घरात हयात असेल तर राज्य सरकारचं मासिक मानधन आहे. त्यासाठी डिस्चार्जचा पुरावा, सैनिकाचा मृत्यू दाखला, तिचं आधार आणि बँक पासबुक घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय गाठा. हे काम आखाजीपर्यंत थांबवू नका.