अलाइनमेंट गेलंय की पार्ट वाकलाय?

हँडब्रेक ओढून गाडी आडवी फिरवताना चाक डिव्हायडरच्या कडेवर आपटलं, की स्टिअरिंग वाकडं बसतं आणि गाडी एका बाजूला ओढायला लागते. बहुतेक जण अशा वेळी सरळ टायरच्या दुकानात जातात आणि म्हणतात, "अलाइनमेंट करून द्या." तासाभरात स्टिअरिंग सरळ होतं, गाडी ओढायची थांबते आणि विषय संपल्यासारखा वाटतो. मला याचीच धास्ती वाटते. आडवा मार बसल्यावर अलाइनमेंटचं मशीन आधी तपासणीसाठी वापरायला हवं. नट फिरवायचं काम त्यानंतरचं.

अलाइनमेंट बिघडलेलं असतं तेव्हा कोणताही पार्ट वाकलेला नसतो, फक्त चाकाचा कोन जागेवरून हललेला असतो. खड्ड्यांतून रोज गाडी नेली, सांध्यांतले रबरी बुश झिजले, टायरॉडचं (स्टिअरिंगचं वळण चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याचं) टोक नवीन टाकलं, की असं होतं. पार्ट वाकतो तेव्हा मात्र लोखंडाचा आकारच बदललेला असतो. दोन्हींची लक्षणं तीच: गाडी ओढते, स्टिअरिंग मध्यावर राहत नाही, टायर एका कडेला खातं. त्यामुळे सीटवर बसून फरक कळत नाही. तो खाली, जॅकवर आणि मशीनच्या आकड्यांत कळतो.

स्विफ्ट किंवा आय-ट्वेंटीसारख्या गाड्या घ्या. पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बरचा एकत्र खांब. मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारी आडवी तुळई. चाकाचे तीन कोन मशीन दाखवतं. टो म्हणजे वरून पाहिल्यावर चाकं आत वळलीत की बाहेर. कॅम्बर म्हणजे समोरून पाहिल्यावर चाक आत कललंय की बाहेर. कॅस्टर म्हणजे बाजूने पाहिल्यावर स्टिअरिंगचा अक्ष मागे किती झुकलाय. अशा छोट्या गाड्यांत अलाइनमेंटवाला खऱ्या अर्थाने बदलू शकतो तो फक्त पुढच्या चाकांचा टो. कॅम्बर आणि कॅस्टर कारखान्यातूनच ठरून येतात. स्ट्रटच्या बोल्टमध्ये थोडी ढिलाई असते, तेवढाच काय तो वाव.

म्हणून कॅम्बरचा आकडा नीट वाचा. ज्या कोनाला ॲडजस्टमेंटच नाही, तो कोन सहसा आपोआप फारसा बिघडत नाही. डाव्या-उजव्या चाकाच्या कॅम्बरमध्ये साधारण अर्ध्या अंशापेक्षा, म्हणजे ३० मिनिटांपेक्षा (कोनाची मिनिटं, एका अंशात ६०) जास्त फरक दिसला आणि मार बसलेल्या बाजूचाच आकडा मर्यादेबाहेर असला, तर तिथे काहीतरी वाकलंय असंच धरून चाला. दुकानदार म्हणेल, "एवढं चालतं, टो सेट केलाय." टो सेट झाला की गाडी सरळ जाते हे खरं, पण वाकलेला लोअर आर्म (चाकाला खालून गाडीशी जोडणारा दांडा) वाकलेलाच राहतो.

टोमागे काय लपतं तेही बघा. टायरॉड वाकला की त्याची लांबी कमी होते. अलाइनमेंटवाला नट फिरवून ती भरून काढतो, आणि स्क्रीनवर हिरवा, म्हणजे मर्यादेतला, आकडा येतो. खाली वाकून दोन्ही बाजूंच्या टायरॉडवर लॉकनटच्या (लांबी पक्की करणाऱ्या नटच्या) बाहेर किती आटे दिसतात ते मोजा. अपघाताआधी दोन्हीकडे जवळपास सारखे होते आणि आता एका बाजूला पाच-सहा आटे जास्त दिसत असतील, तर त्या बाजूचं काहीतरी वाकलंय आणि ॲडजस्टमेंटने ते झाकलंय. या तपासणीला पैसे लागत नाहीत, मशीनही लागत नाही.

नेमकं काय वाकलंय हे शोधायला एसएआय (स्टिअरिंग ॲक्सिस इन्क्लिनेशन) हा कोन उपयोगी पडतो. समोरून पाहिल्यावर स्टिअरिंगचा अक्ष वरच्या बाजूला आत किती झुकलाय ते तो सांगतो. चांगल्या फोर-व्हील मशीनवर तो निघतो, पण मागितल्याशिवाय कुणी काढत नाही. कॅम्बर आणि एसएआय यांची बेरीज दोन्ही बाजूंना सारखी यायला हवी. बेरीज सारखी असून कॅम्बर वेगळा असेल, तर संशय लोअर आर्मवर, तो जिथे बसतो त्या आडव्या क्रॉस मेंबरवर किंवा स्ट्रटचं वरचं टोक बसतं त्या स्ट्रट टॉवरवर. लोअर आर्म वाकून आखूड झाला, की चाकाचा खालचा भाग आत ओढला जातो, म्हणजे कॅम्बर पॉझिटिव्हकडे (चाकाचा वरचा भाग बाहेर) सरकतो आणि एसएआय तेवढाच घटतो. बेरीजच बिघडली असेल, तर नकल (चाकाचं हब धरून ठेवणारा भाग) किंवा स्ट्रट वाकलाय. हा एक आकडा मिळाला, तर अंदाजाने एकामागून एक पार्ट बदलत बसायची वेळ येत नाही.

मागच्या चाकांकडे तर बहुतेकांचं लक्षच जात नाही. फ्रंट-व्हील-ड्राइव्ह गाडीत हँडब्रेक ओढला की मागची चाकं लॉक होतात आणि मागचा भाग बाहेर फेकला जातो. म्हणजे डिव्हायडरला आधी मागचंच चाक लागतं, तेही आडवं. सस्पेन्शनची रचना मुख्यतः खालून वर येणारे धक्के पेलण्यासाठी असते. आडवा मार रिमवरून हब बेअरिंगवर, तिथून स्टब ॲक्सलवर (मागचं चाक ज्यावर फिरतं त्या आखूड दांड्यावर) आणि बीमवर जातो. बीम थोडा जरी वाकला, तरी मागची दोन्ही चाकं मिळून भलत्या दिशेला बघायला लागतात आणि गाडी रस्त्यावर तिरकी चालते. आता पुढच्या दोन चाकांचं अलाइनमेंट कितीही वेळा करा, स्टिअरिंग वाकडंच राहणार. मशीनवर थ्रस्ट अँगल, म्हणजे मागची चाकं गाडीच्या मध्यरेषेपासून किती तिरकी बघतात तो कोन, बघा. तो शून्याच्या जवळ हवा. काही ठिकाणी स्टब ॲक्सलखाली शिम (पातळ पत्रा) घालून आकडा जमवतात. कारखान्यातल्या बारीक फरकासाठी ते ठीक आहे, वाकलेल्या बीमसाठी नाही.

दुरुस्तीबद्दल एका बाबतीत मी अजिबात तडजोड करणार नाही. वाकलेला लोअर आर्म, टायरॉड, नकल किंवा स्टब ॲक्सल तापवून, ठोकून सरळ करून घेऊ नका. तापवलेल्या लोखंडाची ताकद बदलते, आणि नकलमध्ये डोळ्यांना न दिसणारी चीर राहू शकते. ती चीर हायवेवर उघडली तर चाकच निखळेल, आणि त्या वेळी शेजारून कुणीतरी दुचाकीवर जात असेल. हे पार्ट नवेच टाका. मार लागलेल्या बाजूचं हब बेअरिंगही फिरवून बघा. हूंऽऽ असा आवाज वेगाबरोबर वाढत असेल, तर तेही गेलंय. रिम वाकली असेल तर आधी ती बदला, नाहीतर आकड्यांवर भरवसा ठेवता येत नाही.

नवा आर्म बसवताना एक चूक सर्रास होते. गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळत असतानाच बुशचे बोल्ट पूर्ण आवळतात. गाडी खाली आली की बुशचं रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. हे बोल्ट गाडीचं वजन चाकांवर आल्यावर, कंपनीने दिलेल्या टॉर्कवरच (आवळण्याच्या जोरावरच) आवळायचे. ईएसपी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत शेवटी स्टिअरिंग अँगल सेन्सरही कॅलिब्रेट करून घ्या.

विमा आणि कायदा थोडक्यात. खाजगी गाडीच्या पॉलिसीत शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते, आणि सार्वजनिक रस्त्यावर अशी गाडी फिरवणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली धोकादायक ड्रायव्हिंग ठरू शकतं. क्लेम फॉर्मवर "कुत्रा आडवा आला" असं लिहून घेणारे भेटतात. तसं लिहू नका. सर्व्हेअरला मार कोणत्या दिशेने बसलाय ते दिसतं, आणि खोटं उघडं पडलं तर क्लेम नाकारला जातो.

काम झाल्यावर आधीचा आणि नंतरचा, असे दोन्ही प्रिंटआउट मागा. पुढच्या टोचा हिरवा आकडा शेवटी बघा. आधी डाव्या-उजव्या कॅम्बरमधला फरक, मग थ्रस्ट अँगल, मग पुन्हा एकदा वाकून टायरॉडचे आटे.