कान-नाक-घशाचा डॉक्टर वेगळा का झाला?

घसा धरला की कानाच्या डॉक्टरकडे जायचं, हे आता आपल्याला खटकतही नाही. शरीराची अशी वाटणी आपल्याकडे जुनीच आहे. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी शालाक्यतंत्र मानेच्या वरचं सगळं सांभाळतं, तर कौमारभृत्य लहान मुलांचं. युरोपात मात्र कैक शतकं एकच मोठी फाळणी होती: औषध देणारा फिजिशियन आणि कापणारा सर्जन. सर्जनचा मान इतका कमी, की लंडनमध्ये 1540 ते 1745 पर्यंत न्हावी आणि सर्जन यांचा संघ एकच होता. ब्रिटनमध्ये सर्जनला आजही ‘डॉक्टर’ न म्हणता ‘मिस्टर’ म्हणतात, ते त्या काळापासूनच.

पुढे एकेका अवयवाचे तज्ज्ञ तयार झाले, त्याला मोठ्या सिद्धांतांपेक्षा साधी उपकरणंच जास्त कारणीभूत ठरली, असं मला वाटतं. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी 1851 मध्ये ऑफ्थॅल्मोस्कोप, म्हणजे डोळ्याच्या आत डोकावायचं उपकरण, जगापुढे आणला आणि जिवंत माणसाच्या डोळ्याचा पडदा दिसू लागला. मग तो वाचायला शिकलेला माणूस इतरांपेक्षा वेगळा पडणारच.

घशाची गोष्ट तर आणखी मजेशीर. मॅन्युएल गार्सिया हे गायनाचे शिक्षक. गाताना गळ्यात नेमकं काय हलतं, याचं त्यांना कुतूहल. 1854 मध्ये त्यांनी दंतवैद्याचा लांब दांड्याचा आरसा गरम पाण्यात बुडवून (नाहीतर श्वासाच्या वाफेने तो धुरकटतो) पडजिभेला टेकवला, दुसऱ्या हातातल्या आरशाने त्यावर ऊन पाडलं आणि स्वतःच्याच स्वरतंतूंची उघडझाप पाहिली. व्हिएन्नाचे टर्क आणि पेस्टचे (आताच्या बुडापेस्टचे) चेर्माक या डॉक्टरांनी ही युक्ती रुग्णांसाठी वापरात आणली. मधून भोक असलेला आरसा कपाळावर बांधला की त्याच उजेडात कान आणि नाकही तपासता येई. शिवाय कानाची नळी नाकामागेच उघडते, त्यामुळे तिन्ही एकाच्याच पदरात पडले.

हृदयरोगतज्ज्ञाला वेगळं व्हायला विसावं शतक उजाडावं लागलं, कारण डच शास्त्रज्ञ आइन्थोव्हेन यांचा ईसीजी, म्हणजे हृदयाचा विद्युत-आलेख, तेव्हा आला.

मुंबईत कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्सची स्थापना 1912 ची. डी.जी.ओ. म्हणजे स्त्रीरोग-प्रसूती आणि डी.सी.एच. म्हणजे बालरोग, अशा तिथल्या पदविका घेतलेले कितीतरी डॉक्टर तालुक्याच्या गावांत स्थिरावले. पाटीवर डी.एम. किंवा एम.सीएच. दिसलं, तर तो एम.डी. वा एम.एस. करून आणखी बारीक शाखेत शिरलेला समजायचा: हृदयाला गोळ्या देणारा डी.एम., बायपास करणारा एम.सीएच.