निळी रेषा, लाल रेषा आणि दीड फुटाची अट

25 जुलै 2024 च्या पहाटे पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं, तेव्हा खडकवासल्यातून सोडलेला विसर्ग 35 हजार क्युसेकच्या आसपास होता. नदीकाठच्या बांधकामाला मर्यादा घालण्यासाठी नकाशावर दोन पूररेषा आखतात; मुठेची निळी रेषा 60 हजार क्युसेकची मानली जाते आणि लाल रेषा एक लाखाची. निळ्या रेषेला पाणी पोहोचायलाही अजून बराच अवकाश होता, तरी लोकांच्या पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या आणि तळमजल्यावरच्या घरांतून माणसांना बोटीतून काढावं लागलं. पुढचे काही दिवस पाणी कोणी सोडलं, कधी सोडलं, सूचना दिली की नाही, यावरच चर्चा झाली. तो प्रश्न गरजेचा आहेच. पण या इमारती तिथे उभ्या कशा राहिल्या, हा त्याहून जुना प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर गेल्या 35 वर्षांतल्या परिपत्रकांत आणि नियमावल्यांत विखुरलेलं आहे.

नदीकाठची जुनी गावं आपापल्या परीने हे सांभाळत होती. कृष्णा-पंचगंगेकाठी गावठाण उंचवट्यावर, मळीची, म्हणजे नदीकाठच्या गाळाची, जमीन उसाला किंवा गवताला, आणि घराचं जोतं काळ्या दगडाचं, कमरेइतकं उंच. नृसिंहवाडीचं मंदिर तर पुरात बुडणार हे गृहीत धरूनच चाललेलं आहे. पाणी वाढलं की उत्सवमूर्ती वर हलवतात, कृष्णेचं पाणी पादुकांवरून दक्षिण दारातून बाहेर पडतं आणि त्या सोहळ्यात स्नानाला लोक गर्दी करतात. हे सगळं लेखी नियमांशिवाय चालत होतं. शहरं वाढली, मळीचे प्लॉट पडू लागले, तेव्हा लेखी नियमांची गरज भासली.

राज्याला धक्का बसला तो 12 जुलै 1961 ला, पानशेत फुटलं तेव्हा. पण तो धरणफुटीचा पूर होता. त्यातून धडा घेतला गेला तो मुख्यतः धरणांच्या सुरक्षिततेचा आणि पूरग्रस्तांच्या वसाहतींचा. नदीकाठी काय बांधावं, काय बांधू नये, याची देशपातळीवरची पहिली नीट मांडणी आली 1975 मध्ये. केंद्राने पूरक्षेत्र विभागणीच्या कायद्याचा नमुना मसुदा राज्यांना पाठवला. त्यात इमारतींची प्रतवारी होती. रुग्णालयं, वीज केंद्रं, पाणीपुरवठा, उद्योग अशा गोष्टी शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या पातळीच्या वर. घरं, सरकारी कचेऱ्या, शिक्षणसंस्था पंचवीस वर्षांच्या पुराच्या वर. बागा, मैदानं बुडाली तरी चालतील. मणिपूर, राजस्थान, उत्तराखंड, जम्मू-काश्मीर अशा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या राज्यांनी पुढे कायदा केला. महाराष्ट्राने केला नाही, अजूनही केलेला नाही.

आपल्याकडे त्याऐवजी आलं ते 1989 चं पाटबंधारे खात्याचं परिपत्रक. आज सगळ्यांच्या तोंडी असलेली ब्लू लाइन आणि रेड लाइन त्यातूनच आली. नदीपात्र आणि निळी रेषा यांच्यामधलं ते निषिद्ध क्षेत्र, निळ्या आणि लाल रेषेमधलं ते नियंत्रित क्षेत्र. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची किंवा पात्राच्या वहनक्षमतेच्या दीडपट विसर्गाची, यातली जी जास्त असेल ती. लाल रेषा शंभर वर्षांच्या पुराची, आणि वर धरण असेल तर सांडव्याचा विसर्गही हिशेबात घ्यायचा. 2018 मध्ये नव्या सूचना निघाल्या, पण चौकट तीच राहिली. परिपत्रकाला कायद्याची ताकद नसते. नगररचनेच्या आराखड्यात रेषा उतरली, तर आणि तेव्हाच ती बांधकाम परवानगीच्या आड येते. कित्येक शहरांत ती वर्षानुवर्षं उतरलीच नाही.

या ‘पंचवीस वर्षांतून एकदा’ने जेवढा घोळ घातला तेवढा दुसऱ्या कशाने घातला नसेल. प्लॉट विकणारा सांगतो, 2005 ला येऊन गेला, आता 2030 पर्यंत काळजी नाही. घेणाऱ्यालाही ते पटतं. हिशेब मात्र तसा नाही. पंचवीस वर्षांचा पूर म्हणजे कोणत्याही एका वर्षी तो येण्याची शक्यता चार टक्के. गेल्या वर्षी आला म्हणून यंदाचे चार टक्के कमी होत नाहीत. तीस वर्षांचं गृहकर्ज काढून निळ्या रेषेवर घर घेतलं, तर कर्ज फिटेपर्यंत तो पूर निदान एकदा दारात येण्याची शक्यता सुमारे 70 टक्के निघते. लाल रेषेवरच्या घराची तीच शक्यता सुमारे 26 टक्के, म्हणजे चारातलं एक घर. आणि हे सगळं मागच्या नोंदी पुढेही लागू पडतात असं धरून. पाऊस कमी दिवसांत जास्त कोसळायला लागला, पात्रं अरुंद झाली, तर पंचवीस वर्षांचा म्हणून आखलेला पूर दहा वर्षांचाही होऊ शकतो. सांगली-कोल्हापूरने 2005, 2019 आणि 2021 असे तीन महापूर सोळा वर्षांत पाहिले. ज्याने पंचवीस वर्षांच्या भरवशावर घर बांधलं, त्याला कोणीतरी हा हिशेब आधी सांगायला हवा होता.

2005 पर्यंत रेषा हा बहुतेक नगरपालिकांसाठी दूरचा विषय होता. त्या पावसाळ्याने, आणि 26 जुलैला सांताक्रूझला पडलेल्या 944 मिलिमीटर पावसाने, तो जवळ आणला. सर्वेक्षणाचे आदेश निघाले, नदीचे आडवे छेद घेतले गेले, काही शहरांच्या नकाशांवर रेषा दिसू लागल्या. पण त्या येईपर्यंत वस्ती येऊन बसली होती. सांगलीत सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर ही नावं पुराच्या बातम्यांत दरवेळी सगळ्यात आधी येतात. एका वस्तीचं नाव तर मगरमच्छ कॉलनी. शामरावनगरसारख्या सखल भागात गुंठेवारीने, म्हणजे मंजुरीशिवाय शेतजमिनीचे गुंठ्या-गुंठ्याचे तुकडे करून, प्लॉट पडले, साठेखतावर घरं झाली, आणि 2001 च्या गुंठेवारी कायद्याने अशा वस्त्यांच्या नियमितीकरणाची वाट उघडली. गरिबाला परवडणारी जागा तीच होती, म्हणून तिथे राहणाऱ्यांना मी दोष देणार नाही. रेषा उशिरा आखणाऱ्यांना मात्र द्यावा लागेल.

याच काळात नदी नियमन क्षेत्राचं वेगळं धोरण होतं. ते 2015 मध्ये रद्द झालं आणि नदीकाठ बांधकामाला मोकळा झाला अशी ओरड झाली. ते धोरण उद्योगांच्या प्रदूषणापासून नदी वाचवण्याचं होतं. पूररेषेशी त्याचा थेट संबंध नव्हता.

मग ऑगस्ट 2019 आला. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोका पातळी 43 फूट, पाणी 55 फुटांच्या पुढे गेलं. सांगलीत 1929 च्या आयर्विन पुलावर धोका पातळी 45 फूट, तिथे पाणी 57 च्या पुढे. कोल्हापुरातला सुतारवाडा नेहमीप्रमाणे आधी बुडालाच, पण ज्यांनी आयुष्यात दारात पाणी पाहिलं नव्हतं अशा गल्ल्याही बुडाल्या. बालिंगा आणि शिंगणापूरची पाणी उपसा केंद्रं पाण्याखाली गेली आणि चारी बाजूंनी पाणी असलेल्या कोल्हापूरला पिण्याच्या पाण्यासाठी टँकरकडे डोळे लावून बसावं लागलं. 1975 च्या मसुद्यात पाणीपुरवठा पहिल्या प्रतवारीत होता, शंभर वर्षांच्या पुराच्या वर. चव्वेचाळीस वर्षांत तेवढं एक कलम जरी कोणी मनावर घेतलं असतं तरी लाखो लोकांचे हाल वाचले असते. राज्याने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने पुढच्या वर्षी अहवाल दिला. त्यात अतिवृष्टीबरोबर पात्रातल्या आणि पूरक्षेत्रातल्या अतिक्रमणांवरही बोट ठेवलं होतं.

अहवाल येऊन वर्षही झालं नव्हतं, तोच डिसेंबर 2020 मध्ये बृहन्मुंबई आणि काही मोजके भाग सोडून राज्यभरासाठी एकच विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. पूरक्षेत्रातल्या बांधकामाचा खरा वाद इथे आहे, म्हणून तो जरा सविस्तर पाहायला हवा.

नियमाचा पहिला भाग कडक वाटतो. पात्र ते निळी रेषा बांधकाम बंद. वाहनतळ, बाग, हिरवळ, स्मशानभूमी, सांडपाणी प्रक्रिया केंद्र, जलवाहिन्या, स्वच्छतागृह आणि ओट्यांची उघडी भाजी मंडई एवढीच मुभा. भाजी मंडईचा ओटा ही अगदी नेमकी कल्पना आहे. पाणी आलं तर माल उचलायचा, ओसरलं की ओटा धुऊन पुन्हा बसायचं. नियम करणाऱ्याला पूरक्षेत्र कसं वापरावं हे पक्कं ठाऊक होतं, हे त्या एका शब्दात दिसतं.

पुढच्याच परंतुकात दार किलकिलं होतं. निळ्या रेषेच्या आत आधीपासून अधिकृत असलेल्या इमारतींचा पुनर्विकास करता येईल, फक्त लाल रेषेच्या पातळीपेक्षा 0.45 मीटर, म्हणजे दीड फूट, उंच, आणि पाटबंधारे खात्याचा ना हरकत दाखला घेऊन. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये तर नवं बांधकामही त्याच उंचीवर चालेल. शिवाय प्लॉटचा जो भाग रेषेत अडकला असेल, त्याचा चटई क्षेत्र निर्देशांक (एफएसआय), म्हणजे त्यावर जेवढं बांधकाम करता आलं असतं तेवढं, उरलेल्या भागावर वापरता येईल.

या सवलतींच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं खोटं नाही. जुन्या पेठांतले वाडे आणि चाळी मोडकळीला आल्या आहेत. तिथल्या माणसांना पुनर्विकास नाकारला तर ती पुरात नाही तर भिंत कोसळून मरतील. दीड फूट उंच नवी इमारत जुन्या तळमजल्यापेक्षा कधीही सुरक्षित. चटई क्षेत्राची सवलत नसेल तर जमीनमालक कोर्टात जाईल आणि रेषाच अडकून पडेल. हे मुद्दे मी मान्य करतो.

पण 2020 च्या त्या वाक्यात उंचीचा आकडा आहे, ती उंची कशी गाठायची ते नाही. एक मार्ग खांबांचा, खाली पाणी वाहायला जागा मोकळी ठेवण्याचा. दुसरा मुरुमाच्या भरावाचा. भराव स्वस्त, लवकर होतो, आणि गिऱ्हाइकाला रस्त्याच्या बरोबरीची सपाट जागा दिसते. दहा गुंठ्यांच्या प्लॉटवर दोन मीटर भराव टाकला तर सुमारे दोन हजार घनमीटर माती पडते. म्हणजे वीस लाख लिटर पाण्याची जागा गेली, दहा हजार लिटरचे दोनशे टँकर. ते पाणी शेजारच्या जुन्या, बसक्या घरात जातं. एका प्लॉटने नदीला फरक पडत नाही हे खरं, पण सांगलीत कर्नाळ रोडला किंवा कोल्हापुरात नागाळा पार्काच्या मागे असे प्लॉट एकापाठोपाठ एक भरत गेले की पुराचा मार्गच चिंचोळा होतो आणि वरच्या बाजूला पातळी चढते. ज्याची इमारत नियमानुसार दीड फूट वर, तो कोरडा. ज्याने नियम येण्याआधी घर बांधलं, तो पूर्वीपेक्षा जास्त बुडतो. आणि चटई क्षेत्र उरलेल्या तुकड्यावर चढवल्यामुळे त्याच प्लॉटवर जास्त माणसं राहायला येतात. त्यांची घरं कोरडी राहिली तरी वीज, पाणी, दूध, औषधं सगळं अडतं आणि त्यांना बाहेर काढायला बोटच लागते.

1989 चं परिपत्रक मुळात कुठे बांधू नये हे सांगत होतं. तीस वर्षांनी नियम किती उंच बांधावं यावर आला. मधलं स्थित्यंतर कोणी जाहीरपणे मांडलं नाही.

सरकारी कामंही याला अपवाद नाहीत. कोल्हापूरजवळ शिरोली भागात पुणे-बंगळूर महामार्गाचा भराव पंचगंगेच्या पूरक्षेत्राला आडवा आहे. 2019 ला आणि 2021 ला पाण्यामुळे महामार्ग बंद राहिला, ट्रकच्या रांगा लागल्या आणि भराव काढून खांबांवरचा पूल बांधा ही मागणी जोर धरू लागली. घराच्या जोत्याला रेषा दाखवायची आणि रस्त्याचा भराव मात्र तिच्यातून थेट न्यायचा, असं करून नियमाचा मान कसा राहील?

22 जुलै 2021 ला चिपळूण बुडालं. कोविड रुग्णालयात पाणी शिरलं, वीज गेली, रुग्ण दगावले. पुराने बाजारपेठ उद्ध्वस्त झालेली असतानाच पूररेषेचे नकाशे आले आणि शहराचा मोठा भाग रेषेत दिसला. लोक खवळले, रेषा रद्द करा म्हणून आंदोलनं झाली. त्यांचा राग समजण्यासारखा आहे. वाशिष्ठी नदीचा गाळ काढला नाही, कोयनेच्या वीजनिर्मितीचं अवजल (वीज करून सोडलेलं पाणी) तिच्यात येतं, आणि सगळ्याची किंमत म्हणून आमच्या घराची किंमत शून्य करता, असं त्यांचं म्हणणं. आधी गाळ काढा, मग रेषा आखा, ही मागणी हडेलहप्पी म्हणून झटकून टाकता येत नाही. पण रेषा पुसली म्हणून पाणी थांबणार नाही, हेही चिपळूणकरांइतकं कोणाला ठाऊक नसेल.

सह्याद्रीच्या पूर्वेकडे सध्या सगळी ऊर्जा कृष्णेवरच्या, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावर खर्च होते आहे. धरणाची उंची 519.6 मीटरवरून 524.256 मीटरवर नेण्याला सांगली-कोल्हापूरचा विरोध आहे आणि तो व्हायलाही हवा. मात्र मुरुमाचा डंपर अलमट्टीतून येत नाही. तो आपल्याच तालुक्यातल्या खाणीतून येतो आणि आपल्याच नगरपालिकेच्या हद्दीत रिकामा होतो. परवानगीच्या प्रवासात जोते तपासणी हा टप्पा आधीच आहे, अभियंता जागेवर येऊन पाया पाहतो. पूरक्षेत्रातल्या प्लॉटसाठी त्याच वेळी दोन गोष्टी लेखी मागता येतील: मूळ जमिनीची पातळी, आणि त्यावर पडलेल्या भरावाचे घनमीटर. निळ्या रेषेच्या आत भरावाला साफ मनाई, लाल रेषेच्या आत जेवढा भराव तेवढीच माती त्याच पूरक्षेत्रातून काढण्याची सक्ती, आणि दीड फुटाची अट फक्त खांबांवरच्या बांधकामाला. यासाठी नवा आयोग नेमावा लागत नाही, 2020 च्या नियमावलीत एक दुरुस्ती पुरते.