बाललैंगिक अत्याचाराच्या तपासणीतील जिवाणू-चाचण्यांचा अन्वयार्थ

लैंगिक अत्याचाराचा संशय असलेल्या बालकाच्या घशातून, गुदद्वारातून, योनिमार्गातून किंवा लघवीतून घेतलेल्या नमुन्यात एखादा जिवाणू आढळल्यास तो बालकापर्यंत कसा पोहोचला असावा, याविषयी काढावयाचा वैद्यकीय निष्कर्ष. जिवाणूचे नाव, बालकाचे वय, नमुन्याची जागा आणि चाचणीची पद्धत एकत्र पाहिल्याशिवाय तो काढता येत नाही.

परम्याचा (गनोरिया या लैंगिक संसर्गाचा) जिवाणू नवजात अवस्थेनंतर व वयात येण्यापूर्वी निर्विवाद सिद्ध झाल्यास तो लैंगिक संपर्काचा जवळजवळ निश्चित पुरावा मानतात. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील अनेक डॉक्टर मुलींमधील या संसर्गाचे खापर टॉवेल आणि शौचालयाच्या बैठकीवर फोडत; आज हे स्पष्टीकरण ग्राह्य धरले जात नाही. क्लॅमिडिया या लैंगिक संपर्कातून पसरणाऱ्या दुसऱ्या जिवाणूचे तसे नाही. तो प्रसूतीच्या वेळी आईकडून येऊन दोन-तीन वर्षे टिकू शकतो, त्यामुळे दीड वर्षाच्या बाळातील क्लॅमिडियावरून थेट अत्याचार गृहीत धरता येत नाही. उपदंशातही (सिफिलिस) आईकडून गर्भावस्थेत झालेला संसर्ग आधी वगळावा लागतो. योनिमार्गदाह घडवणारे ‘अ’ गटाचे स्ट्रेप्टोकोकस बहुधा बालकाच्या स्वतःच्याच घशातून हातावाटे पोहोचतात, तर योनिमार्गातील गार्डनेरेला हा जिवाणू अत्याचार न झालेल्या मुलींमध्येही सापडतो.

खरी मेख ‘निर्विवाद’ या शब्दात आहे. लहान मुलांच्या घशात नायसेरिया लॅक्टामिका आणि मेनिंजायटिडिस हे परम्याच्या जिवाणूचे भाऊबंद सहज वस्ती करून असतात. ग्रॅम अभिरंजनात (जिवाणू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याच्या पद्धतीत) ते हुबेहूब तसेच दिसतात आणि परम्यासाठीच्या थायर-मार्टिन या पोषक माध्यमावरही वाढतात. म्हणून संवर्धनात (नमुन्यातील जिवाणू माध्यमावर वाढवताना) मिळालेल्या जिवाणूची ओळख वेगवेगळ्या तत्त्वांवरील किमान दोन चाचण्यांनी पटवतात आणि तो गोठवून जपून ठेवतात. जनुकीय चाचणी होकारार्थी आल्यास वेगळे लक्ष्य शोधणाऱ्या दुसऱ्या चाचणीने पडताळा घेतात. ही दक्षता अनाठायी नाही, कारण हजारात दहांनाच संसर्ग असलेल्या गटात ९९ टक्के विशिष्टतेची (म्हणजे शंभरपैकी ९९ निरोगी व्यक्तींना अचूक नकारार्थी ठरवणारी) चाचणीही सुमारे दहा निरोगी बालकांना बाधित ठरवते, म्हणजे होकारार्थी अहवालांपैकी जवळपास निम्मे चुकीचे निघतात.

नकारार्थी अहवालाने अत्याचार नाकारला जात नाही. बहुसंख्य पीडित बालकांत असा संसर्ग मुळी आढळतच नाही. घटनेनंतर लगेच घेतलेल्या नमुन्यात जिवाणूंची संख्या पुरेशी वाढलेली नसते, म्हणून सुमारे दोन आठवड्यांनी चाचणी पुन्हा करतात. उपदंशाच्या रक्तचाचणीला त्याहून अधिक अवधी द्यावा लागतो. भारतात बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणाऱ्या पोक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार केवळ साधार शंका आल्यावरही पोलिसांना कळवणे बंधनकारक असून, कलम २७ नुसार गुन्हा नोंदलेला नसला तरी बालकाची वैद्यकीय तपासणी करता येते.