सुशीचा मासा ‘आत्ताच पकडलेला’ नसतो

टोकियोतल्या नावाजलेल्या सुशी हॉटेलांत मासा समुद्रातून थेट ताटात येतो, असं सर्रास सांगितलं जातं. ते खरं नाही. फडफडीत मासळी आपल्या कालवणाला ठीक. ब्लूफिन ट्यूना मात्र ताजा असताना घट्ट आणि चवीला फिका लागतो. म्हणून शेफ त्याचा तुकडा गुंडाळून थंडीत कित्येक दिवस मुरवतात, तेव्हा कुठे चव चढते. टोकियोतल्या तोयोसूच्या मासळी बाजारात तर जहाजावरच उणे ६० अंशांना गोठवलेले ट्यूना ओळीने पडलेले असतात, पांढरे, दगडासारखे टणक! कोहादा हा छोटा चंदेरी मासा मीठ-व्हिनेगरात मुरवलेला, आनागो म्हणजे समुद्रातला वामसारखा मासा चक्क शिजवलेला. आणि गोठवण्यात कमीपणा कसला? उणे २० अंशांत २४ तास राहिला की माशातला अनिसाकिस हा परजीवी मरतो. व्हिनेगरने तो मरत नाही.